टकाहोचा ओढा ते फेल्स पॉइंट: फ्रेडरिक डग्लस यांच्या बालपणाच्या वाटेवर पाच दिवस

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात चेसापीक हा लांबट उपसागर खोलवर आत शिरला आहे. त्याच्या पूर्वेचा सखल, ओढ्याखाड्यांनी चिरलेला मुलूख म्हणजे ईस्टर्न शोअर. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीचे थोर पुढारी फ्रेडरिक डग्लस इथल्या टॅल्बट काउंटीत गुलाम म्हणून जन्मले. तेव्हाचं आडनाव बेली; डग्लस हे नाव त्यांनी १८३८ साली पळून सुटल्यावर घेतलं. त्याआधी मालकाच्या मर्जीने हे मूल पाच वेळा उपसागर ओलांडून गेलं: १८२६ साली बाल्टिमोरला, १८२७ साली मालमत्तेच्या वाटणीसाठी परत, महिन्याभराने पुन्हा बाल्टिमोर, १८३३ साली सेंट मायकल्स आणि १८३६ साली पुन्हा बाल्टिमोर. त्याच क्रमाने फिरायला गेलं तर सगळा वेळ पुलावरच जाईल. म्हणून पूर्वकाठ आधी पुरा करून मग पाणी ओलांडायचं, असा हा पाच दिवसांचा बेत आहे.

गाडीशिवाय ही वाट होत नाही. गावरस्त्यांना पदपथ नाहीत आणि बसचा भरवसा नाही. चेसापीक बे ब्रिज सुमारे सात किलोमीटर लांब आहे. टोल फक्त पूर्वेकडे जाताना लागतो आणि रोख पैसे घेत नाहीत. भाड्याच्या गाडीचा टोल नंबरप्लेटवरून वसूल होतो आणि त्यावर भाडेकंपनी आपला आकार लावू शकते, म्हणून गाडी घेतानाच विचारून घ्यावं. उन्हाळ्यात शुक्रवारी दुपारी पूर्वेकडे आणि रविवारी पश्चिमेकडे समुद्रकिनाऱ्याच्या गर्दीने पूल तुंबतो; मंगळवारी निघून शनिवारी संपवलं की हा त्रास टळतो. महिना ऑक्टोबरचा बरा. जून ते ऑगस्ट ओढ्याकाठी डास आणि गोचिड्या फार. तेव्हा जायचंच असेल तर पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, आणि संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, केसांत गोचिडी तपासणं हे चुकवू नये.

पहिला दिवस: टकाहो

मुक्काम ईस्टनला. काउंटीचं मुख्य गाव हेच. न्यायालयासमोर २०११ साली उभारलेला डग्लस यांचा पुतळा आहे. त्याच आवारात यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या कॉन्फेडरेट सैनिकांचं स्मारक १९१६ पासून उभं होतं. ते २०२२ साली हलवलं गेलं. म्हणजे जवळपास अकरा वर्षं दोन्ही एकाच हिरवळीवर होती. पुतळ्याकडे पाहताना हे ठाऊक असावं.

ईस्टनहून मॅथ्यूजटाउन रस्त्याने, म्हणजे राज्य मार्ग ३२८ ने, पूर्वेकडे गेलं की टकाहो ओढ्याचा पूल येतो. ओढा म्हटलं तरी भरती-ओहोटीचं पाणी इथवर चढतं. काठ दलदलीचा, पाणी चहाच्या रंगाचं. वरच्या अंगाला क्वीन ॲन गावाजवळ काउंटीने डग्लस यांच्या नावाचं उद्यान राखलं आहे. जमीन शंभर एकरांच्या वर, आणि मुद्दाम फारसं काही न बांधलेली. पावसानंतर वाट चिखलाची होते. कॅनव्हासचे बूट कामाचे नाहीत.

जन्माची झोपडी कुठेच उभी नाही. ती होम हिल नावाच्या शेतावर होती. अभ्यासकांनी शोधलेली जागा टॅपर्स कॉर्नरजवळ, ओढ्याला उतरणाऱ्या एका घळीच्या काठी, खाजगी शेतात आहे. कुंपण ओलांडून जाऊ नये. १८७८ साली स्वतः डग्लस ती शोधायला आले, तेव्हाही झोपडी गेलेली होती. त्यांनी घळ आणि झाड यांवरून जागा ओळखली आणि तिथली माती सोबत नेली.

तरी ती झोपडी कशी होती, हे त्यांच्या लिखाणातून नेमकं कळतं. मातीची जमीन, खिडकी नाही, वर आडव्या बल्ल्या टाकून केलेला माळा आणि चढायला शिडी. बाहेर विहीर, झाडाच्या बेचक्यात लांब ओंडका तोलून बसवलेला, कोकणातल्या आडावरच्या लाटेसारखा, इतका हलका की लहान मूल एका हाताने पाणी काढी. चुलीपुढे जमिनीत एक खड्डा, रताळ्यांसाठी. आजी बेट्सी बेलीच्या बेण्याला रोग लागत नाही, तिचा हात शुभ आहे, अशी पंचक्रोशीत ख्याती होती. डग्लस त्यामागचं कारण सांगतात आणि ते साधं आहे. रताळं काढताना साल खरचटलं की तिथून कूज धरते, आणि मेरीलँडच्या थंडीत बेणं गोठलं की मेलं. आजी खरचटू न देता काढायची आणि हिवाळाभर बेणं चुलीखाली पुरून ठेवायची, जिथे दंव पोचत नाही.

दुसरं तिचं कसब म्हणजे जाळी विणणं. शॅड आणि हेरिंग मासे वसंतात अंडी घालायला समुद्रातून ओढ्यांत चढतात. शॅड हा आपल्याकडच्या पाल्याच्याच कुळातला, तसाच काटेरी. या माशांसाठीची तिची जाळी दूरच्या गावांत खपत. ती स्वतःही अर्धा अर्धा दिवस पाण्यात उभी राहून मासे धरी. आजोबा आयझॅक स्वतंत्र होते, लाकूड कापायच्या धंद्यातले. आजी मात्र अ‍ॅरन अँथनीच्या मालकीची. मूल आईच्या दर्जाने जन्मतं असा कायदा होता, म्हणून आजोबांच्या स्वातंत्र्याचा मुलींना आणि नातवंडांना काडीचा उपयोग नव्हता. आई हॅरिएट दूरच्या शेतावर कामाला लावलेली. मुलांना सांभाळायचं म्हातारीने आणि ती कामाला येतील एवढी झाली की मालकाने न्यायची, अशी ही व्यवस्था. फ्रेडरिकला सहा वर्षं या व्यवस्थेचा थांगही लागला नाही. जवळच्या पाणचक्कीच्या तळ्यात टाचणीचा गळ टाकून मासे धरणं, हे त्याचं जग.

दुसरा दिवस: बारा मैल

१८२४ च्या ऑगस्टात एके सकाळी आजी त्याला घेऊन निघाली. कुठे, ते सांगितलं नाही. टकाहो ते वाय नदीकाठची लॉइड कुटुंबाची वाय हाउस वाडी हे अंतर बारा मैल, म्हणजे १९ किलोमीटर. मोटारीला अर्धा तास पुरे होतो, आणि तिथेच ही वाट हातची जाते. रस्त्याच्या वळणांवर गाडी हळू करावी आणि आकडा चालीत मोजावा. मोठ्या माणसाला १९ किलोमीटरला चार तास. सहा वर्षांच्या मुलाला ऑगस्टच्या दमट उन्हात जवळपास सगळा दिवस. मधे मधे आजीने त्याला खांद्यावर घेतलं. वाडीवर पोचल्यावर ती म्हणाली, जा, खेळ, ही तुझीच भावंडं आहेत. तो मागच्या अंगणात भिंतीला टेकून उभा राहिला. थोड्या वेळाने एक मूल धावत येऊन म्हणालं, आजी गेली.

हाच आकडा आईच्या बाबतीतही येतो. हॅरिएट ज्या शेतावर राबायची तेही फ्रेडरिकच्या घरापासून सुमारे बारा मैलांवर. दिवसभर शेतात राबून ती रात्री चालत येई, मुलाला कुशीत घेऊन निजवी, आणि तो जागा व्हायच्या आत निघून जाई. सूर्योदयाला शेतात हजर नसलं की चाबूक. जाऊन-येऊन ३८ किलोमीटर, म्हणजे आठ तास. या अक्षांशावर जूनमधली रात्र नऊ तासांची असते. म्हणजे उन्हाळ्यात आली तर मुलाजवळ एखादा तास, आणि झोप शून्य. डिसेंबरात रात्र साडेचौदा तासांची, पण वाट गोठलेली. अशी तिची भेट चार-पाच वेळाच झाली, आणि तो सातेक वर्षांचा असताना ती वारली. शेवटच्या भेटीतली गोष्ट एवढीच: स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईने त्याला दिवसभर उपाशी ठेवलं होतं, आई अचानक आली, तिने त्याला आल्याचा गोड केक खायला दिला आणि त्या बाईला खडसावलं. त्या एका रात्री आपण कुणाचं तरी मूल आहोत हे त्याला कळलं.

वाय हाउस आजही लॉइड वंशजांचं खाजगी घर आहे. खास आयोजित भेटीखेरीज आत सोडत नाहीत. फाटकापुढे गाडी थांबवून फोटो काढणं, चालत आत शिरणं, काहीही करू नये. सार्वजनिक रस्त्यावरून शेतांचा विस्तार दिसतो, तो नीट बघावा. कर्नल एडवर्ड लॉइडच्या या मुख्य वाडीवर तीनशे-चारशे गुलाम होते, असं डग्लस लिहितात. अ‍ॅरन अँथनी त्याचा मुख्य कारभारी.

इथलं रेशन डग्लस यांनी आकड्यांत दिलं आहे. प्रौढ गुलामाला महिन्याला आठ पौंड डुकराचं मांस किंवा तेवढेच मासे, आणि मक्याचं पीठ एक बुशेल. आठ पौंड म्हणजे ३.६ किलो, दिवसाला १२० ग्रॅम. बुशेल हे सुमारे ३५ लिटरचं माप. वर्षाला दोन जाडेभरडे सदरे, दोन विजारी, एक जाकीट, मोजे, एक जोडी बूट. सगळ्याची किंमत सात डॉलरांच्या आत. शेतावर न जाणाऱ्या मुलांना बूट नाहीत, विजार नाही, फक्त गुडघ्यापर्यंतचे दोन सदरे. ते फाटले की पुढच्या वाटपापर्यंत उघडं. मुलांचं जेवण म्हणजे मक्याच्या जाड पिठाची उकड. ती लाकडी डोणीत ओतून डोण जमिनीवर ठेवायची आणि डुकरांना हाकारावं तसं मुलांना बोलवायचं. कुणी कालवाच्या शिंपल्याने खाई, कुणी लाकडाच्या कपच्याने, कुणी नुसत्या हाताने. जो भराभर खाई त्याला जास्त. लहानग्याला उरलं तर.

हिवाळ्यात फ्रेडरिक चोरलेल्या धान्याच्या पोत्यात डोकं आणि अंग घालून झोपे. पाय बाहेर राहत. थंडीने पाय इतके भेगाळले की हे लिहितोय ते पेन त्या भेगेत मावेल, असं ते पुढे लिहितात. आणि त्याच वाडीत एक ऑरेंजरी आहे, संत्री-लिंबांची झाडं हिवाळ्यात जगवायची काचेच्या उंच खिडक्यांची इमारत. तिच्या फरशीखालून आणि भिंतींतून गरम हवा खेळवायची सोय होती: मागे भट्टी पेटवायची आणि नळांतून ऊब आत न्यायची. मेरीलँड विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी इथे बरीच वर्षं उत्खनन केलं. भट्टीच्या बाजूच्या खोलीत गुलाम राहत होते, हे त्यातून पुढे आलं. झाडांना ऊब देणारी माणसं तीच.

फळबागेच्या कुंपणाला लॉइडने डांबर फासलं होतं. कुणाच्या अंगावर डांबराचा डाग दिसला की तो बागेत शिरला किंवा शिरू बघत होता, एवढा पुरावा पुरे. माळी फटके मारी. भुकेल्या मुलांविरुद्धचा हा बंदोबस्त फार परिणामकारक ठरला, असं डग्लस नोंदवतात.

तिसरा दिवस: युनियनव्हिल आणि सेंट मायकल्स

सकाळी माइल्स नदीच्या पुलाजवळचं युनियनव्हिल बघावं. यादवी युद्धात लढून परतलेल्या काळ्या सैनिकांनी क्वेकर पंथाच्या काउगिल कुटुंबाकडून जमिनी घेऊन हे गाव वसवलं. त्यांतले काही लॉइडच्या वाडीवरचेच. सेंट स्टीफन्स चर्चच्या दफनभूमीत असे अठरा सैनिक आहेत. अर्धा तास पुरतो, पण चुकवू नये.

सेंट मायकल्स ईस्टनपासून पंधराएक किलोमीटरवर. आज हे शिडाच्या बोटींचं, पर्यटकांचं गाव. १८३३ च्या मार्चमध्ये पंधरा वर्षांच्या फ्रेडरिकला इथे थॉमस ऑल्डकडे आणलं. हा अँथनीचा जावई आणि आता त्याचा मालक. इथे भूक परतली: स्वयंपाकघरातल्या चार जणांना आठवड्याला अर्ध्या बुशेलपेक्षाही कमी पीठ. चेसापीक बे मॅरिटाइम म्युझियमच्या आवारात मिचेल हाउस नावाचं छोटं लाकडी घर हलवून ठेवलं आहे. ते फ्रेडरिकची बहीण एलिझा मिचेल हिच्या कुटुंबाचं. एवढ्या खोलीत संसार कसा होत असेल, ते आकाराकडे बघून कळतं. संग्रहालयात मोठ्या जहाजांकडेच पाय वळतात. आधी हे घर बघावं.

१८३४ च्या १ जानेवारीला ऑल्डने त्याला एडवर्ड कव्हीकडे वर्षभर भाड्याने दिलं. कव्ही गुलामांना ‘वळण लावण्यात’ नावाजलेला. मालक आपले हट्टी गुलाम त्याला नाममात्र भाड्याने देत, म्हणून या गरीब कुळाला मजूर स्वस्तात मिळत. शहरात वाढलेल्या फ्रेडरिकला त्याने पहिल्याच दिवसांत, कडाक्याच्या थंडीत, न शिकवलेल्या बैलांची गाडी घेऊन रानात लाकूड आणायला पाठवलं. आपल्याकडे बैलाला वेसण असते. नाकात दोर असला की पोरसुद्धा बैल वळवतं. इथे दोर फक्त एका बैलाच्या शिंगांना बांधलेला. बैल बुजला की तो दोर ओढून काहीच होत नाही, उलट ओढणारा चाकात सापडायचा. बैल उधळले, गाडी झाडावर आदळून उलटली. कशीबशी सरळ केली, तर परतताना फाटकाशी ते पुन्हा उधळले आणि चाक व खांब यांच्यामध्ये तो चिरडता चिरडता वाचला. त्यावर कव्हीने ओल्या फांद्या तोडून त्याच्या अंगावर मोडल्या.

ऑगस्टात गहू उफणण्याचं काम चौघांचं: एक यंत्र फिरवी, एक त्यात गहू घाली, एक साफ झालेलं धान्य पुढून हटवी आणि फ्रेडरिक न उफणलेला गहू वाहून आणी. चौघांतला एक पडला की सगळं थांबतं. दुपारी तीनच्या सुमाराला तो उन्हाने कोसळला, काम थांबलं, कव्हीने लाथा घातल्या आणि फळीच्या तुकड्याने डोकं फोडलं. तो रक्तबंबाळ, सात मैल चालत सेंट मायकल्सला मालकाकडे दाद मागायला गेला. रस्ता टाळून रानातून, पाच तास. मालकाने परत धाडलं. सोमवारी पहाटे कव्ही दोर घेऊन बांधायला आला, तेव्हा या सोळा वर्षांच्या मुलाने त्याचा गळा धरला. जवळपास दोन तास झटापट चालली. त्यानंतर कव्हीने त्याला कधी बोट लावलं नाही. ‘गुलाम वळवणारा’ या नावावर कव्हीचं पोट होतं. एका मुलाने मार दिला अशी फिर्याद केली असती तर ते नावच गेलं असतं. डग्लस स्वतः हेच कारण देतात.

चौथा दिवस: अ‍ॅनापोलिस

पश्चिमेकडे जाताना टोल नाही. पुलाच्या माथ्यावरून खाली बघितलं की पाण्याची रुंदी ध्यानात येते. आठ वर्षांच्या फ्रेडरिकला घेऊन ‘सॅली लॉइड’ हे लॉइडचं एकडोलकाठी गलबत १८२६ साली याच पाण्यातून गेलं. आधीचे तीन दिवस तो ओढ्यात अंग घासत होता; स्वच्छ झालास तर विजार मिळेल, असं मालकाची मुलगी ल्युक्रेशियाने सांगितलं होतं. शनिवारी सकाळी निघालेलं गलबत दुपारी अ‍ॅनापोलिसला क्षणभर थांबलं. राज्याच्या विधिमंडळाच्या इमारतीचा लाकडी घुमट त्याने पाण्यातून पाहिला. तोच घुमट आजही बंदरावरून दिसतो.

या शहरात थांबायचं ते मेरीलँड राज्य अभिलेखागारासाठी. अ‍ॅरन अँथनीने आपल्या गुलामांच्या जन्मांची नोंद वहीत केली होती, आणि त्यात हॅरिएटचा मुलगा फ्रेडरिक ऑगस्टस, फेब्रुवारी १८१८, अशी ओळ आहे. मूळ वही हातात मिळेलच असं नाही. काय बघायचं ते आधी लिहून कळवावं आणि ओळखपत्र न्यावं.

ही एक ओळ फार जपून वाचावी. आपलं वय ठाऊक नसणं हे डग्लस यांचं आयुष्यभराचं शल्य होतं. गोऱ्या मुलांना आपलं वय सांगता येतं, मला का नाही, इथून त्यांचं आत्मचरित्र सुरू होतं. त्यांनी अंदाजाने १८१७ धरलं, म्हणून जुन्या पाट्यांवर आणि पुस्तकांत तेच साल. आईने आपल्याला ‘व्हॅलेंटाइन’ म्हटल्याच्या आठवणीवरून १४ फेब्रुवारी हा दिवस मानला. १८९५ साली ते गेले, तोवर खरं साल त्यांना कळलं नाही. ते मालकाच्या वहीत होतं. अँथनी वारल्यावर १८२७ साली वाटणीसाठी सगळ्यांना गोळा केलं, तेव्हाही माणसं, घोडे, मेंढ्या आणि डुकरं एकाच रांगेत उभी करून किंमत लावली.

पाचवा दिवस: बाल्टिमोर, फेल्स पॉइंट

ही दिवसभराची पायपीट आहे. गाडी वाहनतळावर सोडावी. थेम्स रस्त्याला दगडी चिऱ्यांची फरसबंदी आहे, पावसात घसरते. गलबत रविवारी सकाळी धक्क्याला लागलं. फ्रेडरिकने आधी गलबतावरच्या मेंढ्या खाटिकखान्यापर्यंत हाकलायला मदत केली आणि मग त्याला आलिसॅना रस्त्यावरच्या, थॉमस ऑल्डचा भाऊ ह्यू आणि त्याची बायको सोफाया यांच्या घरी पोचवलं गेलं. त्यांच्या लहान मुलाला, टॉमीला, सांभाळणं, हे काम.

सोफायाने त्याला मुळाक्षरं आणि तीन-चार अक्षरी शब्द शिकवले. ह्यूला कळताच त्याने थांबवलं: वाचायला शिकला तर गुलाम म्हणून निकामी होईल, आवरणार नाही. ते मूल ऐकत होतं. मालकाला ज्याची एवढी भीती वाटते तेच आपल्याला हवं, हे त्याने त्या क्षणी ठरवलं. मराठी वाचकाला हा प्रसंग वाचून पुणे आठवतंच. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केली, ते काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेले लोक. डग्लस तेव्हा हयात होते.

पुढे तो कसा शिकला, तो क्रम इथे पायी फिरताना लावता येतो. घरात पाव भरपूर, आणि गल्लीतली गरीब गोरी मुलं भुकेली. फ्रेडरिक निरोपाला निघताना खिशात पाव ठेवी, काम झटपट उरकी, आणि पावाच्या बदल्यात एकेक धडा घेई. त्या मुलांची नावं त्याने पुढे आपल्या पहिल्या आत्मचरित्रात छापली नाहीत, त्यांना त्रास होईल म्हणून.

लिहायला शिकला तो फिल्पॉट रस्त्यापाशी डर्गिन आणि बेली यांच्या गोदीत. सुतार ओंडका तासला की तो जहाजात कुठे बसणार याची खूण अक्षरांनी करत. डाव्या बाजूला ‘एल’, उजव्या बाजूला ‘एस’. पुढच्या भागाला त्यापुढे ‘एफ’, मागच्या भागाला ‘ए’. म्हणजे ‘एल एफ’ हा डाव्या बाजूचा पुढचा तुकडा. एवढी चार अक्षरं तो गिरवायला शिकला. मग एखाद्या मुलाला म्हणे, तुझ्याएवढं मलाही लिहिता येतं. तो म्हणे, दाखव. हा चार अक्षरं लिही, आणि मुलगा चढाओढीने बाकीची लिहून दाखवी. पाटी म्हणजे कुंपण, विटांची भिंत, फरसबंदी. लेखणी म्हणजे खडू. पुढे सोफाया सोमवारी दुपारी प्रार्थनासभेला गेली की टॉमीच्या जुन्या वह्यांतल्या मोकळ्या ओळींत तो टॉमीचं अक्षर गिरवत बसे. यात काही वर्षं गेली.

बारा वर्षांचा असताना बूट पुसून साठवलेल्या पन्नास सेंटांत त्याने थेम्स रस्त्यावरच्या दुकानातून ‘कोलंबियन ऑरेटर’ हे भाषणांचं शालेय पुस्तक घेतलं. त्यातल्या एका संवादात पळून सापडलेला गुलाम मालकाशी वाद घालतो आणि मालक त्याला मोकळं करतो. ‘ॲबॉलिशन’ हा शब्द त्याच्या सारखा कानावर येई. शब्दकोश उघडला तर अर्थ ‘ॲबॉलिश करण्याची क्रिया’. कशाची, ते नाही. गुलामगिरी बंद करण्यासाठीच्या अर्जांची बातमी एका वर्तमानपत्रात वाचल्यावरच त्याला तो उलगडला.

गोदीच्या बाजूला आता डग्लस आणि काळ्या गोदी कामगारांचे पुढारी आयझॅक मायर्स यांच्या नावाचं मॅरिटाइम पार्क आहे. दुपार तिथे घालवावी. वेळापत्रक बदलतं, आदल्या दिवशी विचारून घ्यावं. तिथून शेवटी साउथ डॅलस रस्त्यावर जावं, पूर्वीची स्ट्रॉबेरी गल्ली. किशोरवयात तो जात असे ते मेथडिस्ट चर्च इथे होतं. १८९२ साली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, डग्लस यांनी ती जागा विकत घेऊन पाच विटांची घरं बांधली, काळ्या कुटुंबांना भाड्याने द्यायला. गल्ली अरुंद आहे, पाचही घरं अजून उभी आहेत आणि त्यांत माणसं राहतात. म्हणून समोरच्या पदपथावरूनच बघावं, आवाज न करता.